पडद्यांना शोभतील अशा कोंबड्या

"तंबू हवाच," मार्लीनने टार्टचा दुसरा तुकडा आपल्या ताटलीत ओढत सांगितलं. "जून असला म्हणून काय झालं? लग्न फ्लँडर्समध्ये आहे, स्पेनमध्ये नाही."

फिर्मिन कॅलेवार्टने कॉफीचा कप खाली ठेवला. त्याच्या घरात, त्याच्या टेबलाशी बसून, त्याच्या बायकोने केलेला तांदळाचा टार्ट चापत ही बाई त्याच्याच बागेत तंबू ठोकायला निघाली होती. बाई म्हणजे होणाऱ्या जावयाची आई, त्यामुळे तिला सरळ गप्प बसा म्हणता येत नव्हतं. फिर्मिनने पस्तीस वर्षं शहरात पडद्यांचं आणि वॉलपेपरचं दुकान चालवलं होतं, आणि कुठल्या भिंतीला काय शोभेल हे गिऱ्हाइकाला विचारायची वेळ त्याने स्वतःवर कधी येऊ दिली नव्हती. दुकान विकलं, पण खोड काही गेली नाही. सफरचंदाच्या झाडांखाली लांबच लांब टेबलं, त्यांवर पांढऱ्याशुभ्र चादरी आणि मधोमध पोरगी आणि जावई, असं चित्र त्याने मनातल्या भिंतीवर कधीच टांगून ठेवलं होतं. त्यात प्लास्टिकच्या खिडक्यांचा तंबू कुठेच बसत नव्हता.

"तंबू येणार नाही," तो म्हणाला. "तंबू म्हणजे पावसाला दिलेलं आमंत्रण."

"पाऊस कधीपासून आमंत्रणाची वाट बघायला लागला?"

"मग सेंट क्लाराच्या मठात अंडी देऊन येऊ," त्याची बायको आग्नेस मध्येच म्हणाली. दोन माणसं भांडायला लागली की ती धर्म मध्ये आणायची. "लग्नाआधी सिस्टरांना अंडी दिली की त्या प्रार्थना करतात आणि त्या दिवशी पाऊस पडत नाही. आमच्या लग्नाला आईने दिली होती. एक थेंब पडला नाही."

"अंड्यांची चिंताच सोडा," मार्लीन म्हणाली. "माझ्या तपकिरी कोंबड्या रोज बादली भरतात. मी टोपलीभर नेऊन देते."

इथे फिर्मिनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तंबू तिचा, अंडी तिची, पोरगाही तिचा. मग मुलीच्या बापाने करायचं काय, गाड्या लावायला जागा दाखवायची?

"अंडी मुलीच्या घरून जातात," तो म्हणाला.

"अहो, पण तुमच्याकडे कोंबड्या कुठे आहेत?"

"येतील."

"पपा," त्याची मुलगी हानेलोर म्हणाली, "कोंबडीच्या कुठल्या बाजूने अंडं येतं हे तरी माहीत आहे का तुला?"

मार्लीन नुसती हसली. ते हसू फिर्मिनच्या चांगलं ओळखीचं होतं. तासभर कापडाचे नमुने हाताळून, आभार मानून, पडदे शेवटी समोरच्या दुकानातून घेणाऱ्या बायका असंच हसायच्या. त्याने तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं की मठात अंडी जातील ती या घरच्या कोंबड्यांची, आणि एकदा ती गेली की तंबूचं नाव कोणी काढायचं नाही. आग्नेसने मार्लीनकडे बघितलं, मार्लीनने आग्नेसकडे. कोणीच काही बोललं नाही म्हणजे आपण जिंकलो, असं फिर्मिनला वाटलं. पुरुषांना तसं वाटतं.

पुढचे काही आठवडे त्याने खुराडं बांधण्यात घालवले. बांधण्यात थोडे आणि रंगवण्यात जास्त. कोंबडी किती जागा घेते हे त्याने कोणाला विचारलं नाही, पण दाराचा निळसर राखाडी रंग घराच्या खिडक्यांशी जुळावा म्हणून चार डबे परत केले. आतल्या झरोक्याला त्याने उरलेल्या लिननचा एक छोटासा पडदाही लावला. आग्नेसने विचारलं की कोंबड्यांना पडदा कशाला, तर म्हणाला, खासगीपणा नको का. आग्नेस घरात निघून गेली.

मार्चमधल्या एका रविवारी तो जनावरांच्या बाजारात पोचला. तिथे ओमेर नावाचा म्हातारा विझलेली सिगार तोंडात धरून पिंजऱ्यांच्या मधोमध बसला होता.

"अंडी पाहिजेत की शोभा?" ओमेरने विचारलं.

"दोन्ही."

"दोन्ही एका कोंबडीत मिळत नाही."

"माणसांतही मिळत नाही. म्हणून लग्नं थांबली का?"

फिर्मिनला आपलं हे उत्तर फार आवडलं. ओमेरला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्याने एका पिंजऱ्यावर बूट आपटला. "पहिल्यांदाच पाळताय ना? मग डोळे मिटून या तपकिरी घ्या. अंड्यावर आलेल्या आहेत. रोज एक. गरीब जात, उगाच रुसणं नाही, फुगणं नाही."

फिर्मिनने नाक मुरडलं. तपकिरी. म्हणजे मार्लीनच्या अंगणात उकिरडा उकरतात त्याच. "माझं खुराडं निळसर राखाडी आहे," त्याने ओमेरला समजावलं. "त्याच्यापुढे हा रंग म्हणजे सरकारी ऑफिसातला गालिचा."

सिगार एवढी वर्षं तोंडात धरून ओमेरला एक गोष्ट कळली होती: ज्याला ऐकायचं नाही त्याला विकायचं. त्याने भराभर पिंजरे उघडले. फिर्मिनने आधी दोन पांढऱ्या सिल्की पसंत केल्या, कारण त्यांच्या अंगावर पिसांऐवजी लोकरच असल्यासारखं दिसत होतं. मग दोन पोलिश, ज्यांच्या डोक्यावर पिसांचा एवढा मोठा गुच्छ होता की डोळे आहेत का हे विश्वासावर सोडावं लागे. मग ब्रह्मा जातीची एक, कुत्र्याएवढी थोराड, पायाच्या बोटांपर्यंत पिसांचा पायघोळ झगा. ती चालली की गालिचा स्वतःच उठून निघाल्यासारखा वाटे. वर ओमेरने एक दाढीवाली बुटकी फुकट दिली. बरेच रविवार तिला कोणी हात लावला नव्हता आणि तिला खायला घालून तो कंटाळला होता.

"अंडी कधीपासून देतील?" फिर्मिनने पिंजरे गाडीत ठेवताना विचारलं.

"ह्या?" ओमेर म्हणाला. "मनात आलं की."

घरी आणल्यावर आग्नेस कुंपणाला टेकून बराच वेळ बघत राहिली. एक पोलिश सरळ चालत जाऊन पाण्याच्या भांड्यात पडली. तिला काढायला फिर्मिन वाकला तेवढ्यात दुसरी त्याच्या पायावर आपटली.

"यातली कोंबडी कुठली?" आग्नेसने विचारलं.

फिर्मिनने दुर्लक्ष केलं. तो बारसं करण्यात गुंतला होता. सिल्क्या झाल्या ऑर्गन्झा आणि शिफॉन, पोलिश झाल्या टफेटा आणि मखमल, ब्रह्मा झाली ब्रोकेड. बुटकीला त्याने नाव दिलं नाही. उरल्यासुरल्या तुकड्याला कोण नाव देतं.

एप्रिल उजाडला आणि खुराडं पाहुण्यांना दाखवण्यासारखं झालं. फक्त अंडं म्हणून काही त्यात दिसेना. पोलिशांना दाणे दिसत नव्हते, म्हणून फिर्मिनने लग्नाच्या मिठाईच्या डब्यांसाठी आणलेली रिबीन कापून त्यांचे गुच्छ वर बांधले. त्यावर आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एकमेकी दिसल्या आणि त्या इतक्या घाबरल्या की दोन दिवस झाडावरून उतरल्या नाहीत. ब्रोकेड अजून तलंग होती. या जातीला वयात यायला शरद ऋतू उजाडतो हे एका पुस्तकाने फिर्मिनला सांगितलं, पण ते पुस्तक त्याने कोंबड्या आणल्यानंतर उघडलं होतं. ती नुसती खात होती. आणि ऑर्गन्झा एक अंडंही न देता खुडूक बसली, तीही एका बटाट्यावर. बटाटा काढून घ्यायला गेलं की चोच मारायची.

अशा वेळी मार्लीनचा फोन आला.

"काय, आली का?"

"काय?"

"अंडी हो."

खरं सांगायला एकच शब्द पुरला असता. पण त्या शब्दाच्या पलीकडे फिर्मिनला प्लास्टिकच्या खिडक्यांचा तंबू दिसत होता. "अहो, ठेवायला जागा नाही इतकी," तो म्हणाला. "काल तर आग्नेस वैतागली."

आता थापेचं असं असतं की ती मारली तिथे बसून राहत नाही. दुसऱ्या दिवशी आग्नेसची बहीण ग्रीट रिकामा खोका घेऊन दारात उभी. "मार्लीन म्हणत होती तुमच्याकडे अंड्यांचा पूर आलाय. अर्धा डझन दे की भावजी, घरचं अंडं वेगळंच लागतं."

"उद्या ये," फिर्मिन म्हणाला.

आणि तो तीन गावं पलीकडच्या सुपरमार्केटात गेला, जिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं. तिथे अंड्यांचे खोके उचलून टोपीखाली तोंड लपवत बाहेर पडला. घरी आल्यावर लक्षात आलं की प्रत्येक अंड्यावर लाल शिक्का आहे: कुठल्या देशाचं, कुठल्या शेतावरचं, कुठल्या तऱ्हेने वाढवलेल्या कोंबडीचं. सगळा पत्ता. कोणत्याही घरच्या कोंबडीने आजवर शिक्का मारून अंडं दिलेलं नाही हे फिर्मिनलाही कळत होतं. आग्नेस चर्चच्या गायनाच्या तालमीला गेली होती. तो गॅरेजमध्ये दात घासायचा जुना ब्रश आणि व्हिनेगरची बाटली घेऊन बसला आणि एकेक अंडं घासू लागला. शिक्का निघाला की त्यावर गवताची काडी चिकटवायची आणि बोटाने थोडी घाण लावायची. पस्तीस वर्षांच्या धंद्यात त्याने मालावर एवढी मेहनत कधी घेतली नव्हती.

ग्रीट खूश झाली. खूश झालेली ग्रीट म्हणजे गावभर वाटलेलं पत्रक. पाववाल्याच्या बायकोला हवी होती, पोस्टमनला हवी होती, फादर स्वतः सायकल थांबवून चौकशी करून गेले. फिर्मिन कुणाला नाही म्हणू शकत नव्हता, कारण जागा नाही इतकी अंडी असलेला माणूस नाही म्हणेल कसा. तो आठवड्यातून दोनदा तीन गावं पलीकडे जायला लागला. गाव म्हणू लागलं की फिर्मिनला कोंबड्यांतलं कळतं. काही लोक त्याला सल्लाही विचारू लागले, आणि तो देऊही लागला. "जात निवडण्यातच सगळं असतं," तो अंड्याच्या कवचावर टिचकी मारत म्हणायचा. सांगताना त्याला त्या क्षणी ते खरंच वाटत असे, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

मग एका रविवारी सुपरमार्केटने शिक्क्याची शाई बदलली असावी. ब्रशने काही केल्या डाग हलेना. ग्रीट संध्याकाळी यायची होती. फिर्मिनने डझनभर अंडी पातेल्यात घातली, वर व्हिनेगर ओतलं आणि पाणी जरा कोमट व्हावं म्हणून पातेलं मंद आचेवर ठेवलं. नेमकी त्याच वेळी टीव्हीवर सायकलची शर्यत दगडी चढाला लागली. अशा वेळी फ्लँडर्समध्ये घराला आग लागली तरी माणूस आधी शर्यत संपू देतो. शर्यत संपली, आपला माणूस दुसरा आला, त्यावर फिर्मिनने रीतसर शिव्या घातल्या आणि मग त्याला पातेल्याची आठवण झाली. पाणी खदखदत होतं. त्याने अंडी बाहेर काढून पुसली. शिक्के साफ गेले होते. अंड्यांचा एक गुण असा की आत काय झालं ते ती तोंडाने सांगत नाहीत. फिर्मिनने समाधानाने हात पुसले.

ग्रीट सहा घेऊन गेली. तिची पाठ वळते न वळते तोच फाटकाशी मार्लीनची गाडी थांबली.

"इकडूनच चालले होते," ती म्हणाली. "म्हटलं, जेवणाच्या टेबलांवर कोणी कुठे बसायचं ते ठरवून टाकू. आणि तुमच्या कोंबड्या बघू. त्यांची ख्याती ऐकून ऐकून कान किटले."

फिर्मिनने तिला आग्नेसकडे ढकललं, मागच्या दाराने धावत जाऊन उरलेली सहा अंडी खुराड्यात ठेवली आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने परतला. दरम्यान ऑर्गन्झाने बटाटा सोडून नवीन घरोबा केला होता. अंडी सापडताच ती त्यांवर पसरली. मार्लीन येऊन कुंपणाशी उभी राहिली. तिने रिबीन बांधलेल्या पोलिश बघितल्या, झरोक्याचा पडदा बघितला, ब्रोकेड बघितली. तिच्या ओठांचे कोपरे हलले.

"आणि अंडी?"

फिर्मिनने ऑर्गन्झाच्या पोटाखाली हात घातला, मनगटावर तीन चोची खाल्ल्या आणि एकेक अंडं काढून तिच्या हातात ठेवलं.

"गरम आहेत," मार्लीन म्हणाली.

"ताजी आहेत."

"फारच गरम आहेत हो."

"फारच ताजी आहेत."

"मग यांचेच पॅनकेक करू या," मार्लीन म्हणाली आणि स्वयंपाकघरात शिरली. परक्या स्वयंपाकघरात पीठ कुठे असतं हे तिला न विचारता कळत असे. तिने भांड्याच्या कडेवर अंडं आपटलं. काही सांडलं नाही. तिने पुन्हा आपटलं. मग नखाने टरफल सोलून पांढरंशुभ्र, गोल, तुकतुकीत अंडं तळहातावर घेतलं आणि उजेडात धरलं.

"व्याहीबुवा," ती म्हणाली, "तुमच्या कोंबड्या उकडूनच देतात?"

फिर्मिनचं डोकं आयुष्यभर गिऱ्हाइकांना तोंड देऊन सरावलेलं होतं, आणि अशा वेळी ते त्याची परवानगी न घेता बोलत असे.

"सिल्कीचं अंग उष्ण असतं," तो म्हणाला. "जातच तशी आहे. जरा जास्त वेळ बसली की होतं असं."

"असेल बाई," मार्लीन म्हणाली, आणि तिने अंड्यावर मीठ टाकून ते खाल्लं.

आग्नेस सिंकशी सगळ्यांकडे पाठ करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. बिचारी लाजेने रडते आहे असं फिर्मिनला वाटलं. त्याने मनातल्या मनात तिला माफ केलं.

लग्नाच्या आठवड्यात टीव्हीवरच्या हवामानवाल्याने इंग्लंडच्या बाजूने एक मोठा राखाडी ढग आणून शनिवारी नेमका त्यांच्या गावावर ठेवला. हानेलोर रात्री जेवताना खिडकीबाहेर बघत राहिली. पोरगी एकुलती एक होती, आणि तिने तंबूबद्दल एकदाही हट्ट धरला नव्हता. पाऊस पडला तर भिजणार ती होती, आणि तेही त्याच्या फुशारकीपायी.

शिवाय दुसरी पंचाईत होती. गावाला फसवणं वेगळं आणि सेंट क्लाराला फसवणं वेगळं. फिर्मिन चर्चमध्ये अंत्यविधी असला तरच जायचा, पण ढग टीव्हीवर दिसला की माणूस भाविक होतो. घासलेलं अंडं मठात नेलं आणि वरून कोणी शिक्का वाचला तर? तो खुराड्यासमोर जाऊन बसला. त्याने कोंबड्यांना कोमट दलिया घातला, खुराड्यात रेडिओ लावला, गोड बोलला, धमक्या दिल्या. "सूप," तो ब्रोकेडला म्हणाला. "एवढंच सांगतो. सूप." ब्रोकेडने दलिया संपवला आणि आणखी मागितला.

शुक्रवारी सकाळी बागेत जाताना त्याने लाकडी बुटात पाय घातला आणि तो जागच्या जागी थिजला. आत काहीतरी गोल होतं. त्याने एखादं काचेचं झुंबर उतरवावं तसा पाय बाहेर काढला. बुटाच्या टोकाशी एक अंडं होतं, मोठ्या अक्रोडाएवढं, पिवळसर पांढरं, शिक्क्याशिवाय. बाजूला ती बिननावाची बुटकी दाढी फुगवून उभी होती आणि सगळ्या अंगणाला ओरडून सांगत होती. फिर्मिनच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन महिन्यांत त्याच्या घरात घडलेली ही पहिली खरी गोष्ट होती.

त्याने आग्नेसची सगळ्यात मोठी टोपली घेतली, तळाला सुपरमार्केटची अकरा अंडी ठेवली आणि वर ते एक. मग पुन्हा विचार केला आणि अकरा बाहेर काढली. टोपलीत एकटं अंडं घरंगळायला लागलं म्हणून खाली रुमाल घातला.

मठाच्या दाराशी घंटा ओढल्यावर भिंतीतली लाकडी खिडकी सरकली आणि सिस्टर आमांदाचा चेहरा दिसला. वय ऐंशीच्या पुढे, डोळे पोरसवदा.

"उद्या माझ्या मुलीचं लग्न आहे, सिस्टर. कॅलेवार्ट."

"हानेलोर आणि योरिस," सिस्टर लगेच म्हणाल्या. "अहो, त्यांची तर झालीत कधीच."

"काय झालीत?"

"अंडी. तुम्ही पाचवे." सिस्टर बोटांवर मोजू लागल्या. "सगळ्यात आधी तुमच्या मिसेस, मार्चमध्ये. म्हणाल्या, नवऱ्याने आजच कोंबड्या आणल्यात, त्या बघितल्या आणि तडक इकडे आले. मग खुद्द नवरी आली, सायकलवर. म्हणाली, पपाला सांगू नका, तो मनापासून करतोय. मग जावयाच्या आई, त्यांनी चांगली तीन डझन दिली, तपकिरी. आणि मग तुमच्या मेहुणी."

"ग्रीट?" फिर्मिनचा आवाज बारीक झाला. "तिने कुठली आणली?"

"तुमचीच. म्हणाल्या, भावजींच्या घरची आहेत, म्हणजे रीतसर मुलीकडची झाली." सिस्टर जरा खिडकीजवळ आल्या. "सहा होती. आम्हाला फार सोयीची पडली. सरळ सोलून पावाबरोबर खाल्ली. गॅस वाचला."

फिर्मिनला खिडकीतून आत शिरून तिथेच संन्यास घ्यावासा वाटला, पण ती संस्था बायकांची होती. कुणाचाच त्याच्या कोंबड्यांवर विश्वास नव्हता. एका दिवसाचाही नाही. तो गॅरेजमध्ये शिक्के घासत होता तेव्हा घरातल्या बायका एकेक करून त्याच्या पाठीमागे सायकली काढत होत्या.

"तुम्ही काय आणलंय?" सिस्टरांनी विचारलं.

त्याने टोपली पुढे केली. सिस्टरांनी आत बघितलं, रुमाल उचलून खालीही बघितलं.

"एवढंच?"

"एवढंच खरं आहे," फिर्मिन म्हणाला.

सिस्टरांनी ते अंडं दोन बोटांत धरून कानाशी हलवून बघितलं. मागच्या अनुभवाने त्या सावध झाल्या असाव्यात. मग मान डोलावली. "घेते," त्या म्हणाल्या आणि खिडकी सरकली.

शनिवारी समुद्राकडून ढग आला, शेजारच्या गावावर थांबला आणि तिथे मनसोक्त कोसळला. तिथल्या एका लग्नातल्या पाहुण्यांनी म्हणे बुटांतून पाणी उपसलं. कॅलेवार्टांच्या झाडांखाली मात्र लांब टेबलांवरच्या पांढऱ्या चादरी कोरड्या खडखडीत होत्या आणि हानेलोर इतकी सुंदर दिसत होती की फिर्मिनला रंगसंगतीबद्दल काही सुचवावंसंही वाटलं नाही. जो तो येऊन त्याची पाठ थोपटत होता. "कोंबड्यांनी नाव राखलं हं," पाववाला म्हणाला. "शेवटी जात," फादर म्हणाले. "पपा, थँक्यू," हानेलोर म्हणाली आणि तिने त्याच्या गालाचा मुका घेतला. आग्नेस आणि ग्रीट ताटांत बघत होत्या. फिर्मिन सगळ्यांना मान लववून आभार मानत होता आणि एक अक्षर बोलत नव्हता. असं त्याच्या बाबतीत आधी कधी झालं नव्हतं.

केक कापायच्या वेळी एक हलकी सर आली. पाहुणे खुर्च्यांसकट झाडांच्या बुंध्याशी सरकले, आणि ग्लास अर्धा रिकामा होण्याआत पुन्हा ऊन पडलं.

"ही सर त्या उकडलेल्यांची," मार्लीन म्हणाली. म्हणाली आपली हळूच, पण चारही टेबलांना ऐकू गेलं.

मार्लीनचा भाऊ उर्बेन फिर्मिनच्या समोर बसला होता. तो आन्टवर्पहून आला होता, त्याने नुकतंच बाग असलेलं घर घेतलं होतं आणि इथल्या भानगडी त्याला ठाऊक नव्हत्या. त्याने खुर्ची पुढे ओढली. "फिर्मिन, तुम्हीच सांगा. मला कोंबड्या पाळायच्यात, आयुष्यात पहिल्यांदाच. कुठल्या जातीच्या घेऊ?"

आग्नेसचा काटा वर जाताजाता थांबला.

फिर्मिनने रुमालाने तोंड पुसलं. "दिसायला चांगल्या असतील त्या घ्या," तो म्हणाला. "घराच्या खिडक्यांना शोभतील अशा. आयुष्यभर बघायच्या असतात."

"ते ठीक आहे हो, पण अंडी?"

"अंड्यांचं काय घेऊन बसलात," फिर्मिन म्हणाला. "अंड्यांसाठी नातेवाईक असतात."

मग त्याने ग्लास उचलला आणि आग्नेस, हानेलोर, मार्लीन, ग्रीट अशी एकेकीकडे बघून मान लववली. सिस्टरांनी सांगितला होता त्याच क्रमाने.